वाळूत गळ्यापर्यंत

“आता हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मला वाईट वाटेल,” अशी उसामीची सुरुवात ठरलेली होती. त्या दुपारीही त्याने तीच केली. बायकोच्या दुकानातल्या लांबरुंद लोखंडी तव्यासमोर, भिंतीला टेकलेल्या शेवटच्या स्टुलावर बसून, बिअरचा ग्लास दोन बोटांनी जरासा बाजूला सारून. ऐकणारे दोघंच होते. एक तात्सुमी, कालव्याच्या अल्याडपल्याड फेरीबोट चालवणारा; त्याने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ठरावीक जागी त्याची मान आपोआप हलायची. दुसरी मिझुहो, कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे नव्याने लागलेली, पार उत्तरेकडच्या आकिताहून ओसाकात आलेली. जेवायला येताना ती हातात धरायचा व्हिडिओ-खेळ घेऊन यायची आणि आवाज बंद करून खेळायची. आज तिच्या पडद्यावर शेवाळी रंगाचं एक बेडकासारखं जनावर दुसऱ्या जनावरावर विष टाकत होतं. ते पाहून तात्सुमी म्हणाला होता, “ते विष ज्यानं बनवलं ना, तो तुझ्या शेजारीच बसलाय. ती लोणच्याची बशी सरकव त्याच्याकडे, नाहीतर शाप देईल.”

मिझुहोने बशी खरोखरच सरकवली, आणि अर्धवट उठून वाकली. “शिमिदोकु तुम्ही बनवलंत?”

शिमिदोकु म्हणजे झिरपतं विष. मोरिओनी नावाच्या त्या खेळात रानातली जनावरं आळीपाळीने झुंजतात. बाकीचे डाव दणकून लागतात, पडदा हादरतो, ठिणग्या उडतात. शिमिदोकु लागलं की काहीच होत नाही. समोरच्याचं बळ केसभर कमी होतं आणि खेळणारा हसतो. पुढच्या पाळीला त्याहून थोडं जास्त जातं, त्याच्या पुढच्या पाळीला आणखी जास्त. विष टाकणाऱ्याला पुन्हा हात उचलावा लागत नाही. त्याने नुसतं टिकून राहायचं. खेळाच्या नव्या नव्या आवृत्त्या आल्या, जनावरं बदलली, रंग वाढले, पण हे विष होतं तसंच राहिलं. पुष्कळांच्या मते त्या खेळातली हुशारीची अशी गोष्ट हीच एक.

“तर तो हिवाळा,” उसामी सांगू लागला. “आमची कंपनी छोटी. वर गादीवाला, खाली आम्ही. महिना महिना घरी जायचं नाही, टेबलाखाली पुठ्ठे टाकून झोपायचं. माझ्या पाठीवर पुठ्ठ्यावरची अक्षरं उमटली होती. ‘नाजूक माल, ही बाजू वर.’ सार्वजनिक न्हाणीघरात लोक वाचायचे. आणि खेळात विषाचा डाव हवा होता, तो काही केल्या जमेना. शेवटी मी म्हटलं, ज्यानं विष खाल्लं नाही त्यानं विष काय बनवायचं? उठलो, आगगाडीत बसलो, दक्षिणेला समुद्रकाठी उतरलो, आणि एका खाणावळीच्या मागच्या दाराने आत शिरून फुगू या विषारी माशाचं काळीज खाल्लं.”

इथे तो थांबला. इथे थांबायचंच असायचं. इथे त्याच्या बायकोचं, किनुएचं, वाक्य यायचं. तव्यावरून नजर न हलवता, हातातल्या उलथन्याने त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं करत ती म्हणायची, “फुगू? हा? ताटात सार्डिनचं डोकं दिसलं तर रुमाल टाकतो त्याच्यावर.” मग दुकान हसायचं, तात्सुमी तव्याच्या कडेवर हात मारायचा, उसामी मान खाली घालून पकडला गेलेला चेहरा करायचा आणि गोष्ट संपायची. या शहरात ही रीतच आहे. एकाने फेकायचं, दुसऱ्याने झेलून त्याच्याच तोंडावर मारायचं. फेकलेलं कुणी झेललं नाही तर ते फेकणाऱ्याचा अपमान समजतात. भाजीवाल्याने मुळ्याचा भाव दहा लाख सांगितला तर गिऱ्हाईक म्हणतं, “मग दोन द्या, बंगला नंतर घेऊ.” जो नुसता पैसे काढून देतो तो परगावचा, किंवा त्याच्या घरात कुणीतरी आजारी.

तर तो थांबला. तव्यावर कोबी घातलेलं पीठ चरचरत होतं. काचेच्या दारावर वाफेचे ओघळ उतरत होते. किनुएने उलथनं खालून सारलं, पोळा उचलला, पालथा घातला, आणि त्यावर हलकेच दाबलं. बोलली नाही. उसामीला वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. त्याने घसा खाकरला. “फुगूचं काळीज,” तो म्हणाला. किनुएने सॉसचा ब्रश भांड्याच्या काठावर निथळला. दुकानात एवढीशी जागा तयार झाली होती, जिन्यात एक पायरी नसावी तशी, आणि उसामीचा पाय तिच्यावर टाकण्यासाठी उचललेला तसाच वर होता.

तात्सुमीला ती जागा दिसली. तो भला माणूस. “फुगू आणि तू? अरे, जा रे,” तो म्हणाला, पण दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं ते वाक्य त्याच्या अंगावर ढगळ झालं, आणि मिझुहोला तर त्यात हसण्यासारखं काही आहे हेच कळलं नाही.

“खाल्लं असेल,” किनुए म्हणाली. “तेव्हा कुठे कुठे जायचा. मला काय माहीत.”

उसामीच्या खालच्या ओठाला, फुगूचं विष लागल्यावर होतं म्हणतात तसं, बधिर झाल्यासारखं वाटलं. मिरचीचं असेल असं तो मनाशी म्हणाला, पण मिरची त्याने खाल्ली नव्हती. हे केव्हापासून, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि उत्तर शोधायला मन नको म्हणत असतानाही मागे मागे गेलं. मागच्या आठवड्यात त्याने टपालवाल्याला सांगितलं होतं की माझे गुडघे इतके वाजतात की शेजारी दार उघडून बघतात. किनुए तिथेच होती, कांद्याची पात निवडत होती. ती हसली होती. नुसती हसली होती. त्याआधी उन्हाळ्यात, नदीकाठच्या आतषबाजीच्या दिवशी, तो म्हणाला होता की लहानपणी आपण त्या बाणाला बांधून वर गेलो होतो. तेव्हा ती म्हणाली होती, “हो का,” आणि पंखा हलवत राहिली. त्या ‘हो का’त काहीच नव्हतं. वाईटही नव्हतं. प्रत्येक वेळी एवढंसंच काहीतरी कमी होत गेलं असणार, इतकं थोडं की त्याने तिकडे पाहिलंही नाही. आणि आता एकदम पाहतो तर जवळजवळ काहीच शिल्लक नाही.

“आणि मग?” मिझुहो म्हणाली. तिने खेळ बंद करून पालथा ठेवला होता, दोन्ही हात मांडीवर. तिच्या गावी वडीलधारं माणूस बोलत असलं की पूर्ण होईपर्यंत ऐकतात. “काळीज खाल्ल्यावर काय झालं?”

काय झालं ते उसामीला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला तिथून पुढे कधी जावंच लागलं नव्हतं. फुगूच्या पलीकडे त्या गोष्टीत रस्ता नव्हता, घर नव्हतं, माणसं नव्हती. तिथे किनुएचं वाक्य भिंतीसारखं उभं होतं आणि तो त्या भिंतीला पाठ टेकून बसायचा. भिंतीमागे काय होतं ते मात्र त्याला नीट ठाऊक होतं. भिंतीमागे खरं होतं. खरं म्हणजे अगदीच साधं: तो एक आकडा रिकामा करायला विसरला होता. प्रत्येक पाळीला विषाने किती बळ घ्यायचं ते मोजून झालं की तो आकडा शून्यावर आणायचा, हे त्याने लिहायचं राहिलं. मागच्या पाळीचं पुढच्यात मिसळत गेलं. त्याला ते सकाळी उमगलं, दुपारी सगळ्यांसमोर खेळ दाखवायचा होता, दुरुस्त केलेल्या खेळाची फ्लॉपी चकती त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. पण मुनाकाता, सगळ्यांचा वरिष्ठ, वेळेआधीच येऊन बसला आणि जुनंच खेळू लागला. त्याचं जनावर हळूहळू मरत गेलं. मग मुनाकाताने चष्मा काढला आणि म्हणाला, “व्वा. विष हे असंच असतं. लागतं तेव्हा कळत नाही. हे कुणी केलं?” सगळ्यांनी उसामीकडे पाहिलं. वरिष्ठांनी वाखाणलेल्या गोष्टीला चूक म्हणायचं म्हणजे वरिष्ठांना चूक कळत नाही असं म्हणायचं. उसामी वाकला. वाकताना खिशातली चकती छातीला टोचली. वर येईपर्यंत तो त्या विषाचा कर्ता झालेला होता.

हे त्याने एकाच माणसाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरात, किनुए मिसोचं सार ढवळत असताना. तिने गॅस बारीक केला आणि विचारलं, “मग आता?” तो म्हणाला, “आता काय. आता ते माझं आहे.” ती थोडा वेळ ढवळत राहिली आणि म्हणाली, “मग त्याला एखादी चांगली गोष्ट तरी जोड. नुसतं ‘सुचलं’ म्हणालास तर तुझ्या तोंडाकडे बघून कुणालाही कळेल.” फुगूची गोष्ट अशी तिच्या सारातून निघाली होती. आणि पकडायचं कामही तिनेच घेतलं. आज स्टुलावर बसल्याबसल्या, ओठ बधिर झालेला असताना, त्याला पहिल्यांदाच दिसलं की ती काय करत आली होती. माशाच्या डोक्याचं ती इतक्या मोठ्याने बोलायची की सगळे तिकडे बघायचे. एक खोटं पकडलं गेलं की माणसांचं समाधान होतं. दुसरं कुणी शोधत नाही. सगळी वर्षं ती तव्यामागे उभी राहून त्याच्यावर पहारा करत होती, आणि त्याला वाटत होतं की ती त्याची फजिती करते आहे.

“पुरलं,” उसामी म्हणाला. “मला वाळूत पुरलं.”

“वाळूत?” मिझुहो म्हणाली.

“फुगू लागला की समुद्रकाठी गळ्यापर्यंत पुरतात. वाळू विष ओढून घेते. माझ्या वडिलांच्या गावी एकाला पुरलं होतं, तो नंतर शाळेचा हेडमास्तर झाला. तर मला पुरलं, आणि पुरणारे निघून गेले. त्यांचं जेवण व्हायचं होतं.”

“सोडून गेले?”

“वर डोक्यावर टोपी ठेवून गेले. ओळखू यावं म्हणून.”

त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. किनुए मिझुहोच्या पोळ्यावर माशाचे वाळवलेले पापुद्रे भुरभुरवत होती. उष्णतेने ते पापुद्रे हलायला लागले, जिवंत असल्यासारखे, आणि तिचा हात त्यांच्यावर क्षणभर तसाच राहिला. उसामीला आशा वाटली. मग हात मागे गेला. त्याने गोष्ट आणखी फुगवली. आमिष मोठं केलं. त्याच्या टोपीत एका समुद्रपक्ष्याने घर केलं. गावचा पोलीस सायकलवरून आला आणि इथे राहायचं तर पत्त्याची नोंद करावी लागेल म्हणाला. एक खेकडा कानाशी येऊन बसला आणि घरच्या अडचणी सांगू लागला. तात्सुमी हसून हसून ठसकत होता. मिझुहो हसतही होती आणि मधूनमधून तिच्या कपाळावर काळजीही दिसत होती. तिला यातलं किती हसण्यावारी न्यायचं ते ठरवता येत नव्हतं. किनुएने तव्यावरचे करपलेले कण खरवडून कडेच्या खाचेत लोटले. इतक्या मोठ्या मोठ्या गोष्टी तिच्यासमोरून चालल्या होत्या, कुणीही हात घालून धराव्यात अशा, आणि ती त्यांना जाऊ देत होती. उसामीच्या मनात आलं की मेलेल्या माणसाला असंच वाटत असेल: तो बोलतो, बाकीचे आपापलं काम करतात.

आणि केव्हापासून, हे त्याला माहीत होतं. मघापासून माहीत होतं. वसंतात, खेळाच्या पंचविसाव्या वर्षाचा सोहळा होता, ओसाकातल्याच उमेदा भागातल्या एका हॉटेलच्या झुंबराखाली. किनुए राखाडी निळा किमोनो नेसून आली होती, तो तिने आदल्या दिवशी दोनदा इस्त्री करवला होता. तोक्योहून आलेली मंडळी, हळू बोलणारी, सगळं पटल्यासारखी मान हलवणारी. एका मासिकाच्या तरुणाने विचारलं, हे विष सुचलं कसं? उसामीने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की किनुए लांब आहे, भाजलेल्या मांसाच्या रांगेत, हातात बशी घेऊन. फुगू म्हणून थांबलो तर झेलणार कोण? ही माणसं फुगूही लिहून घेतील. म्हणून त्याने जवळचा रस्ता धरला. तिच्याकडे हनुवटीने दाखवत म्हणाला, “सुचायचं काय त्यात? घरी गेलं की समोरच असतं. रोज थोडं थोडं.” सगळे हसले. तिनेही मागे वळून पाहिलं, काय झालं ते कुणीतरी तिला सांगितलं, आणि ती तोंडावर हात ठेवून हसली. परतताना ती एवढंच म्हणाली की मांस जरा कोरडं होतं. मासिकात ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून आलं. दुकानात कुणीतरी आणून ठेवलं. किनुएने त्यावर गरम किटली ठेवली, म्हणजे टेबलाला डाग पडू नये.

त्याला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. पुरुष बायकोबद्दल असं बोलतात, बायका नवऱ्याबद्दल याहून वाईट बोलतात. ती स्वतः त्याला सगळ्या गल्लीसमोर काय काय म्हणाली होती. पण ते झेलायला समोर तो असायचा. हे त्याने फेकलं तेव्हा ती बशी घेऊन रांगेत उभी होती, आणि तोक्योच्या लोकांनी ते खाली पडू दिलं. पडलेलं आत झिरपत गेलं. इथे त्याने तो विचार थांबवला, कारण पुढचा विचार कुठे जाणार ते त्याला दिसत होतं आणि इतकं सोपं काही त्याला मान्य करायचं नव्हतं. तरी ओठ बधिरच होता. आता हनुवटीही. माफी मागायचा विचार त्याच्या मनाला शिवून गेला. काय म्हणायचं? ती म्हणेल, कशाची माफी? तोही म्हणेल, हो, कशाची. आणि मग दोघं चहा घेतील, आणि उद्यापासून ती त्याच्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणेल. अगदी शेवटपर्यंत. एका छताखाली त्याला कुणीतरी पूर्ण विश्वास ठेवून वागवेल. याहून जास्त भीती त्याला कशाची वाटली असेल असं आठवेना.

“मग भरती आली असेल,” मिझुहो म्हणाली. आवाज खरंच काळजीचा होता.

“आली ना.” उसामी आता हळू बोलू लागला होता, आणि तात्सुमीचं हसू ओसरलं होतं. “पहिली लाट आली ती लांबच फुटली. मी हसलो. दुसरी जरा पुढे आली. तिसरी तिच्याही पुढे. प्रत्येक लाट मागचीचं पाणी घेऊन यायची, परत जातच नव्हतं पाणी. तेव्हा मला कळलं विष कसं करायचं ते. पण कळून उपयोग काय, हात वाळूत. ओरडलो. ओरडायला लागलो की वाळू छातीवर आवळते. मान फिरवता येते तेवढी फिरवली. समुद्र दिसतो, आकाश दिसतं, माणूस दिसत नाही. कुणी येऊन ‘काय रे, इथे काय करतोस मूर्खा’ म्हणेल, एवढीच अपेक्षा होती. वाचवायला नको होतं कुणी. तेवढं म्हणायला हवं होतं.”

पाण्याचा खारटपणा त्याला जिभेवर लागला. गोष्टीतला की डोळ्यातला हे त्याने तपासलं नाही. बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजला. तात्सुमीची पाळी सुरू व्हायला वेळ होता, तरी तो सवयीने दाराकडे वळला आणि परत फिरला. किनुए पाठमोरी झाली होती. कोबी चिरत होती. सुरीचा आवाज बारीक, सारखा, एका लयीत येत होता, आणि उसामीला तिच्या मानेवरची, अंबाड्यातून सुटलेली पांढरी बट दिसत होती. ती बट तो किती वर्षं पाहत आला होता, आणि तरी आज ती परक्या बाईच्या मानेवर असावी तशी दिसली.

“मग काढलं कुणी तुम्हाला?” मिझुहोने विचारलं. “कुणीतरी काढलंच असेल ना? नाहीतर तुम्ही इथे कसे?”

उसामीने ग्लास उचलला, रिकामा होता, ठेवला. त्याच्याजवळ आता एकच खोटं उरलं होतं. त्याहून मोठं त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“हिनं,” तो म्हणाला. “कुठून कळलं तिला देव जाणे. आगगाडी चुकली म्हणून रुळांवरून पळत आली, अनवाणी, एप्रन तसाच. पाणी माझ्या हनुवटीला लागलं होतं. गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागली. नखं तुटली. रडत होती आणि उकरत होती, उकरत होती आणि म्हणत होती की तुझ्याशिवाय मी एक दिवस जगणार नाही.”

मिझुहोने तोंडावर हात ठेवला. तात्सुमीने ग्लासात पाहिलं. दुकानात सुरीचा तेवढा आवाज चालू होता. मग तोही थांबला.

“साफ खोटं,” किनुए म्हणाली. ती वळली नाही. “मी आले असते तर उकरलं नसतं. छत्री उघडून शेजारी बसले असते, डबा खाल्ला असता आणि भरती नाकापर्यंत येईस्तोवर बघितलं असतं.”